दोन तासांपुरता पहिला नंबर

उल्कावीरला दोन तासांपुरतं आठव्या नंबरवरून पहिल्या नंबरवर आणायचं आणि पाहुणे गेले की गुपचूप परत खाली ठेवायचं, एवढाच माझा बेत होता. यात कोणाचं नुकसान नव्हतं. कोणाला कळणारही नव्हतं. (माझे सगळे बेत याच दोन वाक्यांनी सुरू होतात, हे मुलीने मला नंतर दाखवून दिलं.)

उल्कावीर हा कॉमिक्समधला सुपरहिरो. आकाशातून पेटत यायचं आणि भिंत फोडून आत शिरायचं, ही त्याची पद्धत. शेजारी दार उघडं असलं तरी साहेब भिंतीतूनच येणार. लहानपणापासून मी त्याचा भक्त. आणि आमच्या हॉलमध्ये माणसापेक्षा उंच असा कॉमिक्सचा एक लाकडी रॅक आहे, त्याला आठ कप्पे आहेत. सगळ्यात वरच्या कप्प्यात पहिल्या नंबरचा सुपरहिरो, त्याखाली दुसऱ्याचा, आणि असं करत करत सगळ्यात खाली, जिथे व्हॅक्युम क्लीनरचा पाइप टेकवून ठेवलेला असतो, तिथे आठवा.

ही क्रमवारी मी आणि बायकोने मिळून लावलेली. नियम एकच होता, दोघांनीही हात वर केल्याशिवाय कोणाचाही नंबर हलणार नाही. यावरून आम्ही इतकं भांडलो की नवरा-बायको एरवी ज्या गोष्टींवरून भांडतात, त्यांना आमच्याकडे वेळच मिळाला नाही.

पहिला नंबर तिच्या लाडक्या कॅप्टन डागडुजीचा. बाकीचे हिरो लढाई जिंकून उडून जायचे, मग हा खांद्यावर शिडी घेऊन चालत यायचा आणि पडलेली घरं नीट करून द्यायचा. त्याच्याकडे दैवी शक्ती एकच, त्याने लावलेलं सिमेंट लवकर वाळायचं. लोकांना पाडापाडी बघायला आवडते, त्यामुळे ही मालिका लवकरच बंद पडली आणि अंक मोजकेच निघाले. मी त्याच्यासाठी हात का वर केला होता, ते आता आठवत नाही. बहुतेक ती फार वेळ हात वर धरून बसली होती.

उल्कावीर आठव्या नंबरवर गेला तो मात्र त्याच्या कर्माने. एका अंकात त्याने मांजरीचं एक पिल्लू वाचवण्यासाठी प्रसूतिगृहाची आख्खी भिंत पाडली. बायकोने जेवताना विषय काढला. पिल्लू वाचलं ना, असा माझा मुद्दा होता. "आणि आत झोपलेल्या बायका?" तिने विचारलं. मी घास खाली ठेवला आणि हात वर केला.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून एकही नंबर हललेला नाही. नियमाला दोन हात लागतात.

तर, त्या दिवशी मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदाच घरी यायची होती. मुलगी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, तिच्या हाताखाली चार माणसं आहेत, पण घरात ती बबडीच. तिचं आणि एका डेंटिस्टचं आपापसात ठरलेलं होतं. डेंटिस्टच्या आईचं ठरायचं होतं. या बाई मोठ्या हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून रिटायर झालेल्या. त्यांच्या घरात त्या म्हणतील तेच होतं, आणि त्यांनी अजून काही म्हटलेलं नव्हतं. घर बघून आणि मला बघून मग बोलणार होत्या.

"बाबा, आज फक्त नॉर्मल वागायचं," बबडीने सकाळीच सांगितलं.

"मी नॉर्मलच असतो."

"त्याहून थोडं जास्त. आणि रॅकचा विषय काढायचा नाही. मागच्या वेळी हा आला तेव्हा तुम्ही त्याला दारातच चौथ्या आणि पाचव्या नंबरातला फरक सांगत बसलात."

"त्याने विचारलं होतं."

"त्याने बाथरूम कुठे आहे ते विचारलं होतं."

मग ती केक आणायला निघाली. चपला घातल्या, किल्ली घेतली आणि दार ओढता ओढता म्हणाली, "अरे हो, त्याचे बाबा पूर्वी उल्कावीरच्या कॉमिक्ससाठी चित्रं काढायचे. पण तुम्ही विषय काढू नका."

आणि गेली.

आता तुम्हीच सांगा. ज्या माणसाने उल्कावीर काढला, तो माणूस आपल्या मुलाची सोयरीक बघायला माझ्या घरी येणार, समोर बसणार आणि बघणार काय, तर आपला हिरो व्हॅक्युम क्लीनरच्या पाइपाशेजारी! विषय काढायची गरजच नव्हती, विषय आठ कप्प्यांत मांडून ठेवलेला होता. यजमानांनी आपल्याला कोणत्या पायरीवर बसवलं आहे ते त्या माणसाला दारातूनच दिसलं असतं. मी घड्याळाकडे पाहिलं, रॅककडे पाहिलं, आणि बाह्या वर सारल्या.

पहिली अडचण अशी की डागडुजीचे अंक थोडे, म्हणून वरचा कप्पा बुटका. उल्कावीरचा गठ्ठा चांगला गलेलठ्ठ. तो तिथे मावेना. म्हणजे वरच्या कप्प्याची फळी एक घर खाली सरकवायला हवी. फळी लाकूड फुगून घट्ट बसलेली. मी खालून बुक्क्या मारल्या. मग वरून मारल्या. (मग बोटं तोंडात धरून थोडा वेळ बसलो.) शेवटी लक्षात आलं की रॅकला मागून भिंतीशी धरून ठेवणारी लोखंडी पट्टी आहे, तिचे स्क्रू काढले तर रॅक थोडा सैल होईल आणि फळी सुटेल.

स्क्रू काढले. फळी सुटली. मला माझाच अभिमान वाटला.

मग मी उल्कावीरचे सगळे अंक वर नेऊन रचले. खालचा कप्पा रिकामा झाला. आता डागडुजीचा लहानसा गठ्ठा तिथे ठेवायचा, एवढंच काम उरलं होतं. तो हातात घेऊन मी खाली वाकलो, पण ठेववेना. तसाच वाकलेला राहिलो. दोन तासांचाच तर प्रश्न आहे, असं स्वतःला सांगितलं, तरी ठेववेना.

तेवढ्यात बाहेर जिन्यात आवाज आले आणि कुलपात किल्ली फिरली.

मी गठ्ठा जवळच्या खुर्चीच्या गादीखाली कोंबला आणि सरळ उभा राहिलो. आणि मागून एक लांबलचक करकर ऐकू आली. डोकं जड, पोट रिकामं आणि भिंतीचा आधार सुटलेला. रॅकने मान पुढे काढली होती. मी गर्रकन वळलो, पाठ त्याला लावली, डावा हात डोक्यावरून नेऊन वरची कड धरली, उजव्या हाताने बाजूची फळी धरली, आणि चेहऱ्यावर हसू आणलं.

दार उघडलं.

"बाबा, हे बघा, खालीच भेटले सगळे!" बबडी म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

"या, या," मी म्हणालो.

पुढे होऊन मी स्वागत करीन म्हणून सगळे थोडे थांबले. मी पुढे झालो नाही. डेंटिस्टच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या व्याह्यांनी, हात पुढे केला. उंच, वाकलेले, अबोल गृहस्थ. मी त्यांच्या हाताकडे बघून मान डोलावली. त्यांनी तो हात थोडा वेळ हवेत ठेवला आणि मग खिशात घातला.

"बसा ना. सोफ्यावर बसा," मी म्हणालो.

"सोफ्यात माणूस रुततो, पाठीला वाईट," विहीणबाई म्हणाल्या. आणि खोलीत एवढ्या जागा असताना नेमक्या माझ्या पुढ्यातल्या त्या खुर्चीवर बसल्या. रॅक सुटला असता तर सरळ त्यांच्या अंबाड्यावर आला असता.

त्या क्षणी मी "अहो, रॅक पडतोय, धरा!" असं ओरडलो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मला सकाळची तंबी आठवली. नॉर्मल वागायचं. ज्या घरात पाऊल टाकल्याबरोबर फर्निचर अंगावर येतं, त्या घरात कोणती विहीण सोयरीक करील? मी ठरवलं, धरून ठेवायचं. चहा, केक, गप्पा. माणूस काय जन्मभर थोडाच बसतो?

"बाबा, तुम्हीही बसा ना," बबडी दातांतून म्हणाली.

"मी उभाच बरा."

"का?"

"नॉर्मल वाटतं."

विहीणबाई खुर्चीत दोनदा सरकल्या. "ही खुर्ची जरा उंच आहे नाही?"

"आमच्याकडे सगळंच जरा उंच आहे," मी म्हणालो. (हे काय बोललो ते मला आजही माहीत नाही.)

बबडीने चहा आणला. सगळ्यांना दिला. माझा कप माझ्यासमोर धरला. मी कपाकडे प्रेमाने पाहिलं. "तिथे ठेव कुठेतरी, घेतो." रॅक पुन्हा करकरला. मी खोकून तो आवाज झाकला. दंडाला कंप सुटला होता. कपाळावरचा घाम भुवईतून डोळ्यात उतरत होता आणि तो पुसायला शरीराचा एकही भाग मोकळा नव्हता.

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. त्या माझ्याकडे बघत होत्या; आयुष्यभर वॉर्डांतून फिरलेली बाई बघते तसं.

"घाम आलाय तुम्हाला."

"उकडतंय."

"पंखा चालू आहे. डावा हात खाली घ्या बघू."

"नको."

"घेता येत नाही?"

"येतो. पण आत्ता नको."

"कधीपासून होतंय असं?"

"तुम्ही आल्यापासून."

डेंटिस्ट उठून उभा राहिला. बबडीचा चेहरा पांढरा पडला. विहीणबाई मात्र शांत. "छातीवर दाब वाटतो?"

"पाठीवर."

"पाठीतून पुढे येतोय?"

"यायचा प्रयत्न करतोय," मी खरं तेच सांगितलं.

इकडे हे चाललेलं असताना व्याही कधी उठले आणि रॅकजवळ आले ते कोणाला कळलंच नाही. ते माझ्या डोक्यावरून वर बघत होते. आता मला थोडी आशा वाटली. जिवावर उदार होऊन ज्याच्यासाठी एवढं केलं, तो माणूस निदान बघतो तरी आहे.

"उल्कावीर पहिला?" त्यांनी विचारलं.

"अर्थात! दुसरा आहेच कोण?" माझा आवाज चिरकला. "तो जबडा! ते डोळे! काय चेहरा काढलाय तुम्ही!"

व्याह्यांचा स्वतःचा चेहरा उतरला. "चेहरा मी नाही काढायचो. हिरोवाले साहेब वेगळे होते. माझ्याकडे पडझड असायची."

"म्हणजे?"

"तो भिंतीतून यायचा ना? ती भिंत मी पाडायचो. विटा, धूळ, मोडलेल्या खिडक्या. नोकरीभर तेच. नंतर नंतर मला त्याचं नाव घ्यावंसं वाटेना."

पाठीवरच्या ओझ्यापेक्षा हे ओझं मोठं होतं. मी काही बोलायच्या आत बबडीने वर पाहिलं. तिची नजर वरच्या कप्प्यावर थांबली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आईचा कप्पा कुठे आहे?"

करकर थांबली. एवढा वेळ मी रॅकला भीत होतो; आता रॅकची भीती गेली.

"फक्त दोन तासांसाठी हलवला," मी म्हणालो. "यांना बरं वाटावं म्हणून. डागडुजीला मी खाली नाही ठेवलं गं. ठेववलं नाही."

"डागडुजी?" व्याही एकदम वळले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्या माणसाच्या आवाजात जीव आला. "कॅप्टन डागडुजी? तुमच्याकडे अंक आहेत? कुठे आहेत?"

"विहीणबाई ज्याच्यावर बसल्या आहेत, ते."

विहीणबाई ताडकन उठल्या. मला वाटलं, खुर्चीकडे बघतील. पण त्यांनी माझं मनगट धरलं, नाडी पाहिली आणि मुलाला हुकूम सोडला. "बोलणं असंबद्ध व्हायला लागलंय. आडवं करा यांना, ताबडतोब!"

"नको! नका ओढू! बाजूला व्हा आधी!" मी ओरडलो.

"असंच म्हणतात सगळे," त्या म्हणाल्या. डेंटिस्टने माझा दुसरा हात पकडला. धंदाच उपटण्याचा, त्यामुळे पकड जबरदस्त. विहीणबाई एकीकडून, जावईबापू दुसरीकडून. मी दोन्ही पाय रोवून रॅकला चिकटून राहिलो, ते ओढत राहिले, आणि मग एकदम सगळं सैल झालं. शेवटच्या क्षणी मी विहीणबाईंना खांद्याने बाजूला ढकललं, एवढं आठवतं. त्या सोफ्यावर पडल्या आणि रुतल्या.

मग उल्कावीर आला. नेहमीप्रमाणे वरून.

बाकीचे सहा हिरोही त्याच्या मागोमाग आले. रॅकची वरची कड खुर्चीच्या पाठीवर अडकली म्हणून मी वाचलो. अंक मात्र सगळे अंगावर. ढिगाखाली अंधार होता, जुन्या कागदाचा वास होता आणि खरं सांगतो, फार बरं वाटत होतं. हातांना काही धरायचं नव्हतं.

"कोणी हलवू नका! पायाची बोटं हलवा!" विहीणबाईंचा आवाज आला. मी हलवली. "मोज्याला भोक आहे. बाकी ठीक."

कोणीतरी माझ्या तोंडावरचे अंक बाजूला केले. बबडी होती. डोळे भरलेले, आणि ओठ दाबून धरलेले. रडू की हसू ते तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. तिच्या खांद्यावरून मला व्याही दिसले. ते खुर्चीपाशी जमिनीवर मांडी घालून बसले होते, गादी उलटी पडली होती आणि त्यांच्या मांडीवर डागडुजीचा गठ्ठा होता. माणूस ढिगाखाली आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"ही भिंत बघ," ते कोणाला तरी म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा उभी भिंत काढायला मिळाली होती. एकेक वीट किती हौसेने बसवली आहे बघ. मालिका बंद झाली त्या रात्री मी जेवलो नाही."

"जेवला होतात," विहीणबाई सोफ्यातून म्हणाल्या. "दोनदा वाढून घेतलं होतंत."

"कोणी वाचली असेल असं वाटलंच नव्हतं," ते पान उलटत म्हणाले.

"माझी आई वाचायची," बबडी म्हणाली. "तिचा पहिला नंबर होता."

व्याह्यांनी वर पाहिलं. मग अंक मिटून दोन्ही हातांत धरला. "कुठला अंक आवडायचा त्यांना?"

बबडीला सांगता येईना. मला माहीत होतं. "शाळेचा," मी खालून म्हणालो. "तो रात्रभर खपून शाळा उभी करतो आणि सकाळी मुलं येऊन म्हणतात, अरेरे, आज सुट्टी नाही. तो वाचून ती दर वेळी हसायची."

"त्या शाळेच्या खिडक्या मीच काढल्या होत्या," व्याही म्हणाले.

मग सगळ्यांनी मिळून रॅक उभा केला. डेंटिस्टने पट्टीचे स्क्रू घट्ट बसवले. मी विहीणबाईंच्या आज्ञेवरून सोफ्यावर आडवा, कपाळावर ओला रुमाल. बबडीने डागडुजीचा गठ्ठा उचलला आणि वरच्या कप्प्यापाशी थांबली.

"नियमाप्रमाणे दोन हात लागतात," मी आठवण करून दिली आणि माझा हात वर करायला गेलो. दंड इतका आखडला होता की हात अर्ध्यावरच अडकला.

"माझा एक," बबडीने हात वर केला.

"माझा," व्याह्यांनी केला.

"झाले दोन," बबडी म्हणाली आणि अंक वर ठेवले. माझा अर्धा वर आलेला हात मी तसाच रुमालावर नेला, जणू मला रुमालच नीट करायचा होता. त्याच सभेत, त्याच दोन हातांनी, उल्कावीरला आठव्या कप्प्यातूनही काढून कपाटाच्या वर ठेवायचा ठराव पास झाला. मला बोलायची संधी दिली गेली नाही.

विहीणबाई स्वयंपाकघरात बबडीशी बोलत होत्या, ते मला सोफ्यावरून ऐकू येत होतं. मी श्वास रोखून धरला. (हे त्यांच्या लक्षात आलं असतं तर पुन्हा नाडी बघितली असती.)

"हे असे नेहमीच करतात का गं?"

"नेहमी नाही," बबडी म्हणाली. माझी मुलगी खोटं बोलत नाही. म्हणून ती थोडं थांबली. "म्हणजे, रॅक पहिल्यांदाच पडला."

"माझ्यावर पडू नये म्हणून इतका वेळ धरून उभे होते. तोंडाने सांगायचं सोडून." त्यांनी एक सुस्कारा सोडला. "आमच्याकडे असा एक आहेच. तो बघ, जमिनीवर बसून वाचतोय अजून. तुला सवय आहे, म्हणजे आमच्याकडे तुला जड जाणार नाही. तारीख काढा तुम्ही दोघं. आणि केक काप आता."

अशा रीतीने माझ्या मुलीचं लग्न ठरलं. माझ्यामुळे, असं मी म्हणत नाही. पण माझ्याशिवाय ठरलं नसतं, असं मी पुढचे काही दिवस भेटेल त्याला सांगत होतो. सांगताना ती गोष्ट थोडी वाढत गेली. कचेरीत पोचेपर्यंत रॅक लोखंडी झाला होता.

मग एका सकाळी व्याह्यांकडून मोठं पाकीट आलं. रिटायर झाल्यानंतर त्यांनी प्रथमच हातात ब्रश धरला होता, असं बबडी म्हणाली, आणि चित्र माझं होतं. माझं! मी चष्मा पुसला. खांद्यावर रॅक तोललेला, दंड फुगलेले, जबडा घट्ट आवळलेला असा मी मला आत्ताच दिसत होतो. मनातल्या मनात मी हॉलमधली जागाही ठरवली.

चित्र उघडलं. ढीग अप्रतिम होता. एकेका अंकाचा मुडपलेला कोपरा, उडालेली धूळ, तिरकी झालेली फळी, सगळं इतकं जिवंत की आपणच शिंकावं. मला मात्र मी कुठे सापडेना. चित्र फिरवून पाहिलं. शेवटी बबडीने बोट ठेवून दाखवलं. ढिगाखालून दोन पाय बाहेर आले होते. एका मोज्याला भोक होतं.

मी व्याह्यांना फोन केला. चित्र फारच सुंदर आहे म्हणालो, आणि चेहऱ्याला जागा उरली नाही का, असं सहज विचारलं.

"खरं सांगू का," ते संकोचाने म्हणाले, "माणसं मला कधी जमलीच नाहीत. तुमचे पाय काढतानाही सारखे बिघडत होते. शेवटी ते माणसाचे आहेत हे मी मनातून काढूनच टाकलं. मोडक्या टेबलाचे म्हणून काढले, तेव्हा कुठे हुबेहूब आले."